हेल्मेटखालचं कपाळ

पोलाद कारखान्याच्या भट्टीवर सत्तावीस वर्षं भाजून निघालेल्या धम्मपाल मेश्रामला बावन्नाव्या वर्षी तरुण दिसायची हौस आली. मुलगी प्रेरणानं दिलेलं क्रीम तो सकाळी थापायचा आणि तसाच ड्युटीवर जायचा. प्लांटची लाल धूळ त्यावर अशी चिकटायची, की खुर्सीपारला घरी परतेपर्यंत त्याचा पोळ्याचा बैल झालेला असायचा.

“बाबा, ये धूप के लिए है, भट्टी के लिए नहीं!” प्रेरणा कपाळावर हात मारून घ्यायची.

एका रविवारी दाढी करताना त्याला आरशात कपाळावरची हेल्मेटची रेघ दिसली. रेघेखाली सुरकुत्यांचं जाळं होतं आणि रेघेच्या वर पंचविशीतली गुळगुळीत कातडी. त्यानं बायकोला हाक मारली.

“कमला, पाय वं! जे झाकून होतं थेच वाचलं. आन मी येड्यासारखा क्रीम चोपडून राहिलो!”

त्या दिवसापासून तो भाजी आणायलाही तोंडाला गमछा गुंडाळून, डोक्यावर टोपी घालून निघू लागला.

कमलानं मात्र त्या रविवारी आरशासमोरच त्याच्या कपाळावरून बोट फिरवून पाहिलं होतं. “खरंच जी, वरतं एकबी सुरकुती नाई.”

“पडन कशी?” धम्मपाल म्हणाला. “आतलं सामान अजून वापरलंच कुठं मी!”