न चावलेल्या जळवा

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, चैत्रात, माझ्या वडिलांच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर कापावे लागले. त्याआधी आईने त्या अंगठ्याला पाच जळवा लावून पाहिल्या होत्या. एकही चावली नाही.

वडील शिंपी होते. आमचे गाव नव्या जिल्ह्यात गेले होते. आईचे माहेर कंधार, ते नांदेडातच राहिले. जळवा लावायला आई माहेरी शिकली होती. गळू, नखुरडे, सुजलेला गुडघा घेऊन माणसे तिच्याकडे येत. तिच्याकडे दोन मडकी असत. एकात उपाशी जळवा, दुसऱ्यात नुकत्याच लावलेल्या. लावून झालेल्या जळूच्या तोंडाला ती हळद लावायची; जळू प्यालेले रक्त ओकायची. तरी ती जळू काही महिने दुसऱ्याच मडक्यात राहायची. पहिल्या मडक्याला आईशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता.

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी. करत होते. जळू आणि गांडूळ एकाच संघातले प्राणी, हे तिथे शिकवले गेले. दोघांचे शरीर खंडांचे असते. जळवेचे खंड तेहतीस असतात. पण बाहेरून वळ्या मोजल्या तर आकडा चुकतो, कारण एकेका खंडावर अनेक वळ्या असतात. पोटात दोन्ही बाजूंना पिशव्यांची रांग असते. त्या एकदा रक्ताने भरल्या की कित्येक महिने पुरतात. तोवर जळू अन्न शोधत नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. तळे आटले, मग विहिरी. पौषात गावात टँकर सुरू झाला. त्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकलेली असायची. जळू कातडीने श्वास घेते. पहिल्याच दिवशी टँकरच्या पाण्यात तीन जळवा मेल्या. मामाच्या आडाला पाणी होते. आईने दोन्ही मडकी एस.टी.ने कंधारला नेली आणि धाकट्या भावाच्या हवाली केली. कोणते मडके कशाचे, हे त्याला ठाऊक होते. तोही त्याच घरात वाढला होता.

फाल्गुनाच्या शेवटी काज करताना सुई वडिलांच्या अंगठ्याच्या नखाखाली गेली. चार दिवसांत अंगठा नखाच्या कोपऱ्यापासून सुजला. शिवणयंत्र पायाने चालते, कात्रीला मात्र अंगठा लागतो. गावात कापड बेतणारे ते एकटेच होते आणि आमचे घर त्यावर चालत होते. सुट्टीत मी घरी आले होते. आईने मला जळवा आणायला कंधारला पाठवले.

मामाने पहिले मडके फडक्याने बांधून माझ्या हातात दिले.

“उपाशीच हायत ना, मामा?” मी विचारले.

“आता तुझ्या मायनं ठिवल्या तशाच हायत. मी कशाला हात लावू? सांग तिला, भावानं लेकरावानी सांभाळल्यात.”

मामी चुलीपाशी होती. तिने जळते लाकूड आत सारले.

घरी आईने वडिलांचा अंगठा साबण न लावता धुतला, सुईच्या टोकाने रक्ताचा थेंब काढला आणि जळू ठेवली. भुकेली जळू अशा वेळी तोंडाकडचा चोषक टेकवते आणि आतल्या तीन जबड्यांनी कातडी कापते. ही जळू पुढचे टोक टेकवत, मागचे जवळ ओढत, मनगटाकडे निघाली.

“बाहीचं माप घेऊन राहिली ती,” वडील म्हणाले. “टेपबी न्हाई लागत तिला.”

“गप बसा. हात हलवू नका.”

“मी कुठं हलवलो? तुझ्या माहेरची हाय. शिंप्याचं रगत गोड लागत न्हाई तिला.”

दुसरी जळू घसरून पडली. तिसरी अंगाची गोळी करून बसली. आईला वाटले, त्यांना गाडीत ऊन लागले असेल. तिने मडके ओल्या पोत्यात ठेवले. उद्या चावतील, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चौथी लावली, तिसऱ्या दिवशी पाचवी. मी दवाखान्याचे नाव काढले.

“माझ्या भावानं सांगितलंय ना उपाशी हायत म्हणून,” आई म्हणाली. “मग चावतीलच की.”

चौथ्या सकाळी अंगठ्याचे टोक काळपट दिसू लागले आणि वडिलांना ताप चढला. आईने मडक्याच्या पाण्यात हात घालून पाणी हलवले. पाणी हलले की भुकेल्या जळवा हाताकडे येतात. एकही आली नाही. सगळ्या तळाला चिकटून होत्या. तिने एक उचलली, पितळीत ठेवली आणि तिच्या तोंडाला हळद लावली. जळवेने काळे, दाट रक्त ओकले. आईने बाकीच्या चारही तपासल्या. चौघींच्या पोटात रक्त निघाले.

त्याच दिवशी आम्ही वडिलांना लातूरला नेले. पू हाडापर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आला असतात तर चीर देऊन भागले असते. जळवा चावल्या असत्या तर अंगठा वाचला असता, असे म्हणायला पुरावा नाही. त्यांच्यावर विसंबून चार दिवस गेले, एवढे निश्चित आहे.

मामा दवाखान्यात केळी घेऊन आला. आईने त्याला व्हरांड्यात विचारले.

“कुणाला लावल्यास?”

“कुणाला न्हाई, अक्का. तुझ्या गळ्याची आण.”

“माझ्या गळ्याची नको घेऊ. मडक्याचं सांग.”

“जळवाच त्या. रातच्याला बेडूक-गिडूक प्याल्या असतील.”

“तुझ्या आडातली बेडकं कवापासून मडक्यात पडाय लागली?”

मामा आत गेला, “दाजी, आराम करा” म्हणाला आणि केळी पिशवीसकट ठेवून निघून गेला.

खरे काय ते आषाढात कळले. मामाचा मुलगा खाकी कापड घेऊन आमच्याकडे आला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या उघडत होत्या. त्यांपैकी एकीत त्याला शिपायाची जागा मिळाली होती. गणवेश शिवायचा होता. वडिलांनी डाव्या हातात टेप धरून त्याची मापे घेतली आणि मला तोंडी सांगितली. तो खुशीत बोलत होता.

“साहेबाच्या म्हाताऱ्याचा गुडघा लई धरला होता, आत्या. बाबा दोनदा मडकं घेऊन लातूरला गेले. तुझ्या जळवांनी उतार पडला. साहेब म्हणला, पोराला घेऊन या.”

“कवा गेले होते?” आईने विचारले.

“एकदा माघात. मग शिमग्याच्या आधी.”

“कोणतं मडकं?”

“उपाशीच नेलं की. भरलेल्या नेऊन काय करायचं? अन् परत त्यातच ठिवल्या.” तो वडिलांकडे वळला. “आतोबा, बाही जरा ढिली ठिवा.”

मामाने घरी अंगठ्याबद्दल काय सांगितले होते, हे मुलाला कोणी विचारले नाही. वडिलांनी टेप गुंडाळला आणि यंत्रावर ठेवला. आईने खाकी कापडाची घडी केली, त्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या चपलांशेजारी ठेवली. मग तिने त्याला पाट मांडून दिला. तो जेवला आणि दुपारच्या गाडीने पिशवी घेऊन लातूरला गेला.