लोणच्याच्या कारखान्यासाठी सेंट लुशियाला

लंडनच्या गॅटविकहून विमान सुटलं तेव्हा अरविंदच्या मांडीवर फाइल होती आणि माझ्या मांडीवर हिंगाचा डबा. हिंग बॅगेत टाकला असता तर पुढचे दहा-बारा दिवस आम्ही फोडणीत बुडवून काढलेले कपडे घालून हिंडलो असतो. लेस्टरहून वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशियाला लोक जातात ते हनिमूनला, नाहीतर क्रिकेट बघायला. आम्ही पन्नाशी उलटलेले नवरा-बायको निघालो होतो लोणच्याचा कारखाना काढायला. चेक-इनच्या मुलीला अरविंदनी हे न विचारता सांगितलं. ती "लव्हली" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे बघायला लागली.

ही कल्पना आली कुठून ते सांगते. अरविंद ज्या कारखान्यात मशीनिस्ट होते तो बंद झाला, नोकरी गेल्याची भरपाई म्हणून रिडंडन्सीचे पैसे हातात आले, आणि हा माणूस वर्षभर घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत खुर्ची टाकून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत बसला. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. तिथल्या एका वॉर्डची सिस्टर व्हर्ना माझी जुनी मैत्रीण. रिटायर होऊन ती आपल्या बेटावर, सेंट लुशियाला परत गेली. एके दिवशी तिचा फोन आला, "सुधा, इथे आंबे रस्त्यावर पडून कुजतात गं, बघवत नाही." फोन स्पीकरवर होता. अरविंद खुर्चीतून उठले ते थेट कागद-पेन्सिल शोधायला. वर्षभरात त्यांना इतक्या झटकन उठताना मी बघितलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. तिथेच चुकलं.

बेत असा होता: व्हर्नाची शेड, तिथल्या कैऱ्या, आणि माल बेटावरच्या हॉटेलांना आणि आमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांना. रिडंडन्सीचे पैसे पुरणार नव्हते. उरलेल्यासाठी घरावर कर्ज काढायचं, आणि घर दोघांच्या नावावर, म्हणजे माझी सही हवी. ज्या घराचं मॉर्गेज फेडता फेडता माझे केस पिकले ते परत बँकेच्या दारात नेऊन ठेवायचं! मी नको म्हटलं. अरविंद म्हणाले, "अगं, पण विचार तर कर." मी परत नको म्हटलं. "बरं, नुसतं बघून तर येऊ." अशा रीतीने मी विमानात होते.

विमानतळावर कस्टम्सच्या माणसानं डबा उघडायला लावला. मी म्हटलं, "उघडते, पण जरा लांब उभे राहा." त्यानं ऐकलं नाही. झाकण निघालं आणि गडी दोन पावलं मागे गेला. "बंद करा, मॅडम, कृपा करून बंद करा." असे आम्ही बेटावर दाखल झालो.

टॅक्सीचा ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. वर्ल्ड कप नुकताच त्याच बेटांवर होऊन गेला होता. "इंडिया ना तुम्ही? तुमची मंडळी फारच लवकर घरी गेली!" तो आरशातून म्हणाला. अरविंदनी खिडकीबाहेर तोंड केलं ते बराच वेळ आत घेतलं नाही. बाहेर केळीच्या बागा होत्या, आणि प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी घातलेली. एका वळणावर समुद्रातून वर आलेले दोन उंच सुळके दिसले. पण मी बघत होते रस्त्याकडे. व्हर्ना खोटं बोलली नव्हती. वळणावळणावर आंब्यांचा नुसता सडा, गाड्यांच्या चाकांखाली पिवळा चिखल झालेला. आमच्या वेंगुर्ल्याला असं कोणी केलं असतं तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. माझा जीव हळहळला, आणि अरविंदनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

व्हर्नाचं घर सूफ्रिएर गावाच्या वर डोंगरात. खाली गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, त्यांचा वास वारा फिरला की घरात येतो. व्हर्ना वॉर्डात असायची तशीच होती, फक्त युनिफॉर्मऐवजी फुलाफुलांचा झगा. "आधी खा, मग शेड दाखवते," तिनं हुकूम सोडला. शेड चांगली निघाली: सिमेंटची जमीन, नळ, मोठी खिडकी. अरविंद टेप घेऊन भिंती मोजत सुटले आणि शीळ घालायला लागले. ही शीळ मी फार दिवसांनी ऐकत होते, आणि ती ऐकून मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी राजधानीत, कॅस्ट्रीजला गेलो. कंपनी काढायची तर सरकारी कचेरीत चौकशी हवी. लेस्टरच्या कौन्सिलमध्ये जसं जातो तसे अरविंद थेट काउंटरवर गेले आणि विचारलं, "परदेशी माणसाला कंपनी रजिस्टर करायची तर काय लागतं?" बाई लिहीत राहिली. त्यांनी आवाज चढवून परत विचारलं. बाईनं पान उलटलं. तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ आले, सगळ्या खोलीला उद्देशून "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि सगळ्या खोलीनं त्यांना "गुड मॉर्निंग" म्हटलं, काउंटरवरच्या बाईनंसुद्धा. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "गुड मॉर्निंग," अरविंद पुटपुटले. "गुड मॉर्निंग, सर!" बाईचा चेहरा फुलला. "बोला, काय मदत करू?"

मग तिनं सगळं नीट समजावलं. जमीन विकत घ्यायची तर परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो, शेड भाड्यानं घेणं सोपं. स्थानिक भागीदार असला तर बरं. बरण्या बेटावर बनत नाहीत, त्या जहाजानं येतात, आणि जहाज येतं तेव्हा येतं. वीज महाग. हॉटेलवाले नमुना चाखल्याशिवाय बोलत नाहीत. "आणि आंबे कोणाचे घेणार?" तिनं विचारलं. "रस्त्यावर पडतात ते चालणार नाहीत ना तुम्हाला?" नाहीच चालणार. लोणच्याला झाडावरून उतरवलेली करकरीत कैरी लागते, आणि झाडाला मालक असतो.

व्हर्नाच्या बाजूच्या डोंगरावरची बहुतेक झाडं मा फिलो नावाच्या बाईंची होती. 'मा' असं तिकडे आजीच्या वयाच्या बाईला मानानं म्हणतात. मा फिलोंनी होकार दिला की आजूबाजूचे लोकही कैऱ्या देणार, असं व्हर्नाचं म्हणणं. नमुना म्हणून मी शेडमध्ये थोडं लोणचं घातलं: मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, वरून गार केलेली फोडणी. अरविंद बाजूला उभे राहून वहीत टिपत होते. "मीठ किती?" "अंदाजानं." "अंदाज म्हणजे किती?" "अहो, माझ्या हाताला कळतं ते!" त्यांनी वही मिटली.

लोणचं जरा मुरू दिलं आणि बरणी घेऊन व्हर्नाच्या गाडीतून मा फिलोंकडे गेलो. अंगणात निखाऱ्यांवर काहीतरी भाजत होतं. जवळ जाऊन बघते तर आपला नीरफणस! सोबत खारवलेला मासा, कांदा-मिरची घालून परतलेला. वास असा की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मा फिलोंनी दोन ताटल्या भरून आमच्यापुढे धरल्या. "खा."

"नको नको," मी म्हटलं. "आत्ताच खाऊन आलो."

"कशाला उगीच त्रास," अरविंद म्हणाले.

मा फिलोंनी एकवार आमच्याकडे बघितलं, ताटल्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. झालं! आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि अरविंदच्या पोटातला आवाज मला शेजारी ऐकू येत होता. त्यानंतर मा फिलो हवेवर बोलल्या, व्हर्नाच्या गुडघ्यावर बोलल्या. कैऱ्यांचा विषय काढला तर म्हणाल्या, "बघू." बरणी उघडलीसुद्धा नाही.

गाडीत बसल्यावर व्हर्ना फाडकन म्हणाली, "तिनं केलेलं खायचं नाही आणि तिच्या झाडांचे आंबे मात्र हवेत?"

"अगं, खायचं होतं की! पण तिनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही!"

"दुसऱ्यांदा कशाला? तू नाही म्हणालीस ना?"

मी तिला आमची रीत सांगितली. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा 'खरंच नको'. तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडंसं'. आग्रह करणारीनं करत राहायचं, हसतमुखानं. व्हर्ना इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि खरोखरच नको असेल, तर काय म्हणता?"

"तेव्हाही नकोच," मी म्हटलं. मागच्या सीटवर अरविंद फाइल चाळत होते. मला एकदम संताप आला, तोही कोणावर ते कळेना. व्हर्नाचा फोन आल्यापासून मी या माणसाला घराबद्दल नको म्हणत होते, आणि हा आग्रह करकरून मला वाढत होता! एका अनोळखी म्हातारीनं माझं नको पहिल्या फटक्यात ऐकलं होतं. चुकीचं नको ऐकलं बिचारीनं, पण ऐकलं.

दोन दिवसांनी परत गेलो. या वेळी "गुड मॉर्निंग, मा फिलो" आधी, आणि ताटली पुढे आली तशी दोन्ही हातांनी घेतली. नीरफणसाचा बाहेरून करपलेला, आतून लोण्यासारखा मऊ तुकडा, माशाबरोबर. मी मागून घेतलं. त्यांनी कोकोचा चहा दिला, दालचिनी आणि तमालपत्र घालून उकळलेला. मग त्यांनी स्वतःच बरणी उघडली, बोटानं चाखलं, डोळे मिटले, आणि ठसका लागेपर्यंत खाल्लं.

"कोणी केलं?"

"मी."

"मग इथे येऊन राहणार तू?"

"नाही, नाही," अरविंद म्हणाले, "मी राहणार. ती लेस्टरला. तिची नोकरी आहे ना, कर्जाचे हप्ते..."

"मी तिला विचारलं," मा फिलो म्हणाल्या.

अरविंदच्या फाइलमध्ये काय काय होतं! माझं घर होतं, माझा पगार होता, माझ्या आईकडून शिकलेलं लोणचं होतं. मी कुठे राहणार हे एका ओळीत ठरून गेलं होतं, आणि त्या ओळीबद्दल मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही." मा फिलोंनी मान हलवली. कैऱ्या देते म्हणाल्या, भाव व्हर्नाशी बोलून ठरवा. अरविंद खूश व्हायला हवे होते, पण परतीच्या वाटेवर त्यांनी शीळ घातली नाही.

उरलेले दिवस आम्ही चारचौघांसारखे पर्यटक झालो. समुद्रात पाय बुडवले, गंधकाचा चिखल फासून घेतला, एका हॉटेलच्या शेफला लोणचं चाखवलं. त्यानं ते भाजीसारखं चमच्यानं खाल्लं, पाणी पाणी केलं आणि पहिल्या खेपेला खोकाभर मागितलं. विमानात मला खिडकी मिळाली आणि अरविंद माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. फाइल वरच्या कप्प्यात होती.

सेंट पँक्रस स्टेशनवरून लेस्टरची ट्रेन, तिथून टॅक्सी. घर थंड पडलं होतं. मी किटली लावली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिले. प्रवासातून माणसं शंख-शिंपले आणतात, टी-शर्ट आणतात. मी पोटात एक राग घेऊन आले होते आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं.

अरविंद बॅगा जिन्यापाशी ठेवून आत आले. "सोमवारी बँकेत जायचंय," ते म्हणाले. "सुधा, मी एकदाच विचारतो. घरावर कर्ज काढायचं का?"

"नको."

मी वाट बघितली. 'अगं, पण' आलं नाही. त्यांचा चेहरा पडला होता. "बरं," एवढंच म्हणाले आणि दोन कप खाली काढले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटतं माझा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत पोचला. आणि पोचल्यावर माझा राग गेला कुठे, देव जाणे.

"अहो, घर राहू दे," मी म्हटलं. "तुमच्या पैशात बसेल तेवढंच करू. एक शेगडी, चार पिंपं, खोकाभर बरण्या. पण तुम्हाला मिठाचा अंदाज नाही. मी येते."

"नोकरी?"

"सोडते."

त्यांच्या हातातला कप टेबलावर टेकला. "खरंच येशील? उगीच माझ्यासाठी म्हणून नको हं. नक्की विचार केलास ना? नाहीतर तू आधी नुसती सुट्टी घेऊन—"

"एकदाच विचारणार होतात ना?" मी म्हटलं, आणि कोट काढला.