जांभळे दाणे

माझ्या पीएचडीचं काम थोडक्यात सांगायचं तर दोन वेगवेगळे धातू एकाच साखळीत ओवायचे. धातू, मग सेंद्रिय रेणूचा दुवा, मग पुन्हा धातू, अशी ती साखळी. मी कोबाल्ट आणि तांबं निवडलं. नुसत्या कोबाल्टचे स्फटिक गुलाबी व्हायचे, नुसत्या तांब्याचे निळे. तिसऱ्या वर्षी दोन्ही एकत्र घातले आणि बाटलीच्या तळाशी जांभळं काहीतरी बसलं. मी हवेत तरंगायला लागलो.

मग थोडं बाजूला ठेवून बाकीचं खलात बारीक वाटून तपासण्या केल्या. दोन्ही धातू बरोबर निम्मे-निम्मे निघाले. निघणारच, मी घातलेच होते निम्मे-निम्मे. पण एवढं सुचायला अक्कल लागते. क्ष-किरणांच्या आलेखात नको तितकी शिखरं दिसली, त्यांना मी 'नवी रचना' म्हणून मोकळा झालो. सरांनी पेपर लिहून काढला. सोमवारी तो पाठवायचा होता आणि माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

शनिवारी, नियम धाब्यावर बसवून, न वाटलेल्या स्फटिकांची एक सीलबंद बाटली काचीगुड्याला घरी नेली. आई दारात रांगोळी काढत होती. तिनं चष्मा पुसला आणि बाटली उन्हात धरली.

"हे एक कुठंय रे? निळे दाणे अलग दिसायलेत, गुलाबी अलग. रांगोळीचे दोन रंग कालवले की असंच होतंय. लांबून जांभळं."

"आई, तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. एवढा शिकलेला मुलगा आणखी काय म्हणणार?

रविवारी प्रयोगशाळेत जाऊन त्याच बाटलीतले चिमूटभर दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सुईनं सारले तर निळे एकीकडे झाले, गुलाबी एकीकडे. जांभळा एकही नाही. म्हणजे साखळी नव्हतीच, नुसती सरमिसळ होती. आकडे तर जुळत होते, गप्प बसलो असतो तर कदाचित खपूनही गेलं असतं.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं.

"पेपर रोक देते," ते म्हणाले. "पर खुद पकड़े, खुद आके बोले. ऐसा कौन करता आजकल? कैसे सूझा?"

"बस, ऐसेच, सर. शक हुआ."

आणखी दोन वर्षं गेली. कोबाल्टबरोबर जस्त घेतलं, या खेपेला दाणा न् दाणा वेगळा तपासला आणि साखळी एकदाची जमली. प्रबंध बांधून आला तेव्हा आईनं विचारलं, माझं नाव कुठंय? तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी आभाराचं पान काढून वाचून दाखवलं: आईच्या सततच्या प्रोत्साहनाबद्दल.

ती लाजली. "मी काय केलं रे? डबा तेवढा दिला."

मला तिच्याकडे बघवेना. मी पान उलटलं.