वीकएंड म्हणजे गुरुवार

ऑनलाइन डिग्रीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते पिव्होट टेबलमुळे. निघोज्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लहान लहान भाग तपासायचे, बरोबर असतील ते पुढे सोडायचे, नसतील ते लाल ट्रेमध्ये टाकायचे आणि कोणत्या मशीनवर किती रिजेक्शन झालं ते कॉम्प्युटरवर भरायचं, हे माझं काम. भरलेल्या आकड्यांचं पुढे काय होतं, हे विचारायची आमच्यात कुणाला सवय नव्हती. एकदा लाइन बंद पडली होती, जेवणाला अवकाश होता, म्हणून मोबाइलवर बघून ठेवलेला पिव्होट टेबलचा प्रयोग मी त्या आकड्यांवर करून पाहिला. मशीनचा रकाना ओढून इकडे टाकला, शिफ्टचा तिकडे टाकला, आणि महिनाभराचे ते आकडे शाळेतल्या पोरांसारखे मुकाट रांगेत उभे राहिले. एकच मशीन, आणि तेही सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला, सगळ्यांत जास्त माल बिघडवत होतं. मी खुर्चीतून ताडकन उठले. शेजारच्या बाईला वाटलं झुरळ दिसलं.

आमच्या कंपनीत काचेची एक खोली आहे. मशीनमधून येणारी माहिती बघत तिथं चार-पाच जण बसतात. तिथल्या साहेबांना मी ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही या खोलीत पाहिजे होतात. पण नुसत्या डिप्लोमावर मला घेता येत नाही. डिग्रीला नाव घाला, मग बोलू. ऑनलाइन चालेल, फक्त मान्यता असलेली बघा." त्या दिवशी कंपनीच्या बसमधून सांगवीला घरी येताना मी खिडकीबाहेर काहीसुद्धा पाहिलं नाही. काचेच्या खोलीत माझी खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची, ते माझं ठरत होतं.

मग स्थळं बघावीत तशा मी डिग्र्या बघायला लागले. फोटो सगळ्यांचेच छान. झाडाखाली लॅपटॉप घेऊन हसणारी मुलगी बहुतेक सगळ्यांनी वाटून घेतलेली. एक स्थळ तर इतकं देखणं होतं, की मी मनात होकार देऊन मोकळी झाले होते. मग खाली बारीक अक्षरांत दिसलं, की ही डिग्री नाहीच, नुसतं सर्टिफिकेट. त्यांच्या सल्लागार बाई रोज फोन करून सांगायच्या, "मॅडम, सीट्स संपत आल्यात." ऑनलाइनला सीट कशी संपते, बसायला खुर्ची तर माझ्याच घरची, असं मी विचारल्यावर त्यांचे फोन थांबले.

चाळून चाळून दोन उरल्या. एक आपापल्या गतीनं करायची: धडे रेकॉर्ड केलेले, एकेक विषय संपवायचा, तयारी झाली की परीक्षा द्यायची. दुसरी वर्गाची: दर वीकएंडला शिक्षक समोर, बरोबर शिकणारी माणसं, सगळ्यांना एकच वेळापत्रक. मी भाळले होते दुसरीवर. मला वर्ग हवा होता. कुणीतरी चुकीचं उत्तर देणार, कुणीतरी फिसकन हसणार, हे मला हवं होतं. आणि आपापल्या गतीचं काय होतं ते आमच्या घरात दिसतंच. नवऱ्यानं आपापल्या गतीनं व्यायाम करायला दाराच्या चौकटीत दांडा बसवून घेतला, त्यावर आता टॉवेल वाळतात.

नवरा भोसरीला एका कंपनीत मशीनवर आहे. दोघांच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात आणि अशा काही बदलतात, की मी फर्स्टहून येते तेव्हा तो सेकंडला गेलेला असतो. भाजी काय आणायची हेसुद्धा आम्ही फोनवर बोलतो. आमचा म्हणावा असा वार एकच, गुरुवार. विजेच्या वाटणीसाठी म्हणे इकडच्या कारखान्यांना कधीकाळी गुरुवारची सुट्टी ठरवून दिली, ती बऱ्याच कंपन्यांत अजून चालू आहे. गुरुवारी आम्ही दोघं शेजारी बसून चहा पितो, एकमेकांचं ऐकतो, भांडायचं राहिलेलं भांडून घेतो. एकच खोट आहे. सासूबाई पक्क्या लातूरच्या आणि त्यांचा गुरुवार कडक, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मटण आमच्या नशिबात नाही.

वर्गवाल्या डिग्रीनं एक ट्रायल क्लास फुकट दिला. वीकएंडला, सकाळी अकराला. मी न्हाऊन, केस विंचरून, फोन चार्ज करून बसले. सासूबाईंनी शिकणाऱ्या लेकराला म्हणून साबुदाण्याची खिचडी आणून दिली. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, पडद्यावर काळं चौकोनी भगदाड. शेवटी मी त्यांच्या सल्लागाराला फोन लावला. मुलगा तरुण असावा, फार सभ्य बोलायचा.

"मॅडम, क्लास वीकएंडला आहे."

"मग आज काय आहे?"

"आज गुरुवार आहे, मॅडम."

"तेच म्हणतेय ना मी!"

मग तो हळूच म्हणाला, "वीकएंड म्हणजे शनिवार-रविवार, मॅडम."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

नवरा पलंगावर आडवा होऊन हसत होता. मलाही हसू फुटलं. इतकी वर्षं आम्ही 'वीकएंडला काय करायचं' म्हणतो ते गुरुवारसाठीच. जग वेगळा वीकएंड पाळतं हे ठाऊक असतं, पण ते जग लांबचं वाटतं.

शनिवारी माझी शिफ्ट, रविवारी माझी शिफ्ट. वर्ग गेला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण केस धुतलेले, खिचडी खाल्लेली, दिवस मोकळा. मी चिडून दुसऱ्या डिग्रीचा नमुन्याचा धडा उघडला. सरासरी काढली की एकट्या उंच माणसामुळे सगळा घोळका उंच कसा दिसतो, असं काहीतरी मास्तर सांगत होते. मी थांबवलं, मागे नेलं, परत ऐकलं. एकच वाक्य पाच वेळा ऐकलं तरी मास्तर वैतागले नाहीत. सोपं होतं ते मी पळवलं. बसमध्ये ऐकता येईल, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात पुस्तक मिटून ठेवता येईल, परीक्षेची तारीख माझ्या शिफ्ट बघून घेता येईल! मी नवऱ्याला हलवून हलवून सांगायला लागले. मान्यता होती, वेळ जुळत होता, आणि मला सगळं कळत होतं. इतका आनंद मला पहिला पगार झाला तेव्हाही झाला नव्हता.

नवरा हसायचा थांबला होता. त्यानं विचारलं, "त्या काचेच्या खोलीतल्यांना सुट्टी कधी असते गं?"

ती माणसं हेड ऑफिसच्या हिशोबानं चालतात. शनिवार-रविवार.

"म्हणजे तुला तिथं घेतलं," तो म्हणाला, "की गुरुवारी मी एकटाच."

सासूबाई दारात होत्या. "रविवारी सुट्टी का? मग घरात मटन तरी शिजंल की!" त्या अगदी मनापासून खूश झाल्या. एरवी आम्ही खो खो हसलो असतो.

"मग नको का करू?" मी विचारलं. विचारलं खरं, पण तो नको म्हणाला तर मी ऐकणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि त्याची मला भीती वाटली. मला तो गुरुवार हवा होता. ती खुर्चीही हवी होती, गुरुवारपेक्षा तसूभर जास्तच.

तो चपला घालून खाली गेला. मी फोन हातात धरून बसून राहिले. धड आनंद करता येईना, धड रडता येईना. तो आला तेव्हा हातात दुधाची पिशवी होती.

"चहा टाक," म्हणाला. "आणि नाव घाल तिथं. माझ्या रजा कितीतरी साठल्यात. लग्नाबिग्नाला लागतील म्हणून ठेवत आलो. तुझी शनिवारची सुट्टी सुरू झाली, की मधूनमधून एक टाकत जाईन."

"अहो, पण रजेला कारण द्यावं लागतं. काय सांगणार?"

"सांगीन की," तो म्हणाला, "आज बायको घरी आहे."

मी नाव घातलं आणि मग चहा टाकला.