आक्काचा गोणपाटाचा झेंडा

धान्याच्या दुकानात गेली की आक्का आधी पोतं बघायची, धान्य मागाहून. हल्ली सगळं प्लॅस्टिकच्या पोत्यांतून येतं. तागाचं एखादं दिसलं की ती दुकानदाराला अर्ध्या गुजरातीत सांगायची, "भाई, खाली थाय तो मारे माटे राखजो." दुकानदार हसायचा. आक्का हसायची नाही. रोज जाताना विचारून यायची, रिकामं झालं का म्हणून.

सुरतेत उधन्याला आमची चाळ आहे, तिथे ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मी जालन्याकडची. ती धुळ्याकडची, घरात अहिराणी बोलायची. तिचे मालक तात्या लूमवर कामाला होते. माझे मालक कामावर गेले की मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. आक्काला ते चालायचं. "तू बोलत नही तेच बरं," ती म्हणायची, "मन्हं ऐकाले तरी कोनी शे."

ते पोतं मिळालं की तिचा झेंडा सुरू व्हायचा. पोत्याची शिवण ती न कापता, दोरा ओढून उसवायची. मग गोणपाट धुऊन, भाताच्या पेजेत बुडवून गच्चीवर ताणून ठेवायची. वाळलं की ते पापडासारखं कडक व्हायचं. कडेचे धागे सोडून झालर करायची आणि मधे लाल लेसचा झोका शिवायची. झोक्यावर एक मुलगी. मुलीच्या लुगड्याला टिकल्या लावायचं काम माझं. मी एकदा विचारलं, इथे एवढं चमचमतं कापड फुकट पडलेलं असतं, मग गोणपाट का? ती म्हणाली, "चमकी सुरतमा सगळासना दारले शे. गोनपाट कोनाच दारले नही. पोर खालथीन दखी ते तिले समजी, आपलं घर कोनतं."

ही पोर म्हणजे वंदना, तिची एकुलती लेक. तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि कामरेजला राहायला गेली. कामरेज काही लांब नाही. पण तात्यांनी तिला दार बंद केलं. त्याच सुमारास चाळीला नवा रंग लागला आणि सगळ्या खोल्या एकसारख्या दिसायला लागल्या. आक्काच्या जिवाला तोच घोर, पोर आली आणि घर न ओळखून खालूनच परत गेली तर.

आमच्याकडे अक्षय तृतीया म्हणजे आमरस आणि पितरांची घागर, एवढंच. खानदेशात तिला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. वंदना गेली त्या साली तात्यांनी पितरांच्या घागरींशेजारी आणखी एक घागर भरून ठेवली. आक्कानं विचारलं, ही कोणाची? तात्या म्हणाले, "वंदनानी." आक्कानं ती घागर उचलली आणि मोरीत ओतली. "जिता मानूसनी घागर कोनी भरस का?" एवढंच बोलली. त्याच दिवशी तिनं पहिला झेंडा शिवायला घेतला. त्यानंतर दर आखाजीला तो गॅलरीच्या कठड्याला लागायचा. तात्या त्याच्याकडे न बघता कामावर जायचे. पण काढला कधी नाही.

एकदा घरमालकीण बा जिना चढून आल्या आणि झेंड्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "आ कई माताजीनी धजा छे, बेन?"

"माताजीनी नथी, बा. मारी दीकरीनी छे."

बांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. "तो शुं? दीकरी पण माताजी ज ने," म्हणाल्या आणि झेंड्याला हार घालून गेल्या. आक्का मला म्हणाली, "दख, मन्ही पोरले हार भेटना. मन्हा मालकले हाई दख म्हनावं."

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला वंदना आली. मी आक्काच्या दाराबाहेर टिकल्या लावत बसले होते. ती खाली थांबून वर बघत होती, मग जिना चढली. तात्या जेवायला बसलेले. आक्का पोळी लाटत होती. ती उठली नाही, रडली नाही. लाटणं चालू ठेवून म्हणाली, "हात धोय. पोयी गरम शे." वंदना उंबऱ्यातच उभी. तात्या ताटात बघत बसले. मग त्यांनी ताट थोडं भिंतीकडे सरकवलं, शेजारी जागा झाली, आणि ते आक्काला म्हणाले, "तिले रस वाढ."

मी उठून माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी आक्कानं मला हाक मारली नाही. मारायची आठवण तरी कशी राहणार.

पुढच्या वर्षी तात्यांना लूमचं काम झेपेना. वंदनानं दोघांना कामरेजला आपल्याजवळ नेलं. सामान टेम्पोत चढवताना आक्का म्हणाली, "येत जाय वं माय." मी मान हलवली.

यंदा आखाजीला तिचा फोन आला. झेंडा केला का, मी विचारलं. "पोर घरमाच शे, आते कोनाले बलावू?" ती म्हणाली आणि हसली. मला पण बोलवलं तिनं. मी म्हटलं, साड्या द्यायच्या आहेत. खरं तर नव्हत्या. इतक्या वर्षांनी मायलेकी एका चुलीशी आल्यात, तिथे मी जाऊन काय बोलणार होते?

मालक विचारतात, हल्ली गप्प का असतेस. मी आधीही गप्पच होते, पण तेव्हा कुणाचं तरी ऐकत होते. आक्काला तिची लेक मिळाली. यात वाईट असं काहीच झालं नाही. म्हणूनच मला तिच्यावाचून करमत नाही हे कुणापाशी बोलता येत नाही.