सोनेरी पत्र्याचा वास

काहीही हातात आलं की तात्या ते आधी नाकाशी न्यायचे. चहाचा ग्लास, कोरी वही, पगाराचं पाकीट, देवळातला अंगारा, सगळं. मग डोळे मिटून म्हणायचे, "नाकाक इचार. नाक खोटा बोलणा नाय." त्यांचं स्वतःचं नाक चांगलं बटाट्याएवढं होतं. आम्ही पाठीमागे हसायचो, समोर नाही.

आंब्याच्या रसाचा डबा आतून सोनेरी दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो लॅकरचा रंग. कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्यावर लॅकरचा थर चढवायचा आणि लांबलचक भट्टीतून भाजून काढायचा. थर कच्चा राहिला तर त्याचा वास रसात उतरतो. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी तात्या उभे असत. हातमोज्यात गरम पत्रा धरून हुंगायचे आणि "जाव दे" म्हणायचे, नाहीतर "परत". थिनरचा बोळा घासून, थर सुटतो का बघूनही पत्रा तपासता येई, पण तात्यांच्या पाळीत त्या बोळ्याकडे कोणी बघत नसे. मी शेजारच्या छपाईच्या मशीनवर होतो. आमची पाळी एकच.

एका दुपारी कोणीतरी थिनरचा ग्लास न विसळता चहाच्या ग्लासांत ठेवून दिला आणि नेमका तोच तात्यांपुढे आला. वाफेबरोबर असा भपकारा सुटला की मी समोर बसून नाक धरलं. तात्यांनी रीतसर ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, "बरो आसा" म्हणाले आणि ओठांना लावला. मी तो हिसकावून घेतला.

"तात्या, तुम्हाला वास येत नाही?"

"हळू बोल रे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खूप दिस झाले. रंग बघान भागवतंय. गुपचूप बोळो मारतंय. कोणाक सांगू नको. भट्टीवरसून काढतले. मगे घर कसा चालतला?"

कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चालूच होतं. भट्टीच्या धुराने नाक गेलं, हे कोणी मान्य केलं नसतं. वय झालं म्हणून सरळ घरी बसवलं असतं. मला भयंकर संताप आला, पण ओरडणार कोणावर?

तेव्हापासून तात्या पत्रा आधी स्वतः हुंगायचे, मग माझ्यापुढे धरायचे. "बघ रे, शिकान घे." मी मान हलवली की, "जाव दे." साहेबांना वाटायचं, म्हातारा याला तयार करतोय. मला वर दोनदा शाबासकीही मिळाली.

तात्या घाटकोपरच्या टेकडीवर राहायचे. खोलीला एकच दार, खिडकी नाही. त्यांची बायको, आमच्या काकी, सकाळी लोकांकडे स्वयंपाकाला जायच्या, तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात कामावरून आलेले तात्या दार लावून एकटे झोपायचे. काकींना दमा होता. लोकांकडे त्या गॅसवर रांधायच्या आणि आपल्या घरी रॉकेलच्या स्टोव्हवर, खोकत. गॅससाठी नंबर लावलेला होता. एकदाचा तो आला आणि तात्या नको म्हणाले. त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो.

"इतकी वर्सां वाट बघलंय," काकी कडाडल्या. "आता गॅस मिळता, तर ह्ये नको म्हणतत. तूच इचार बाबा, कित्याक?"

"स्फोट होता," एवढंच बोलून तात्यांनी चपला घातल्या. टेकडी उतरताना मला म्हणाले, "झोपेत गॅस गळलो तर माका कळतला कसा? आनी तिका खरा सांगलंय, तर ती माका भट्टीवर जाव देवची नाय."

"तात्या, सांगून टाका हो. त्यांचा खोकला ऐकवत नाही."

"सांगतलंय. रिटायर झालंय काय लगेच सांगतलंय."

त्याआधीच काकी गेल्या. स्टोव्हसमोर बसून भाकऱ्या करताना धाप लागली, ती थांबलीच नाही. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर नातेवाईक बायकांनी त्यांच्या साड्या वाटायला काढल्या. रोजच्या वापरातली एक जुनी साडी तात्यांनी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग सवयीने माझ्यापुढे धरली.

"बघ रे. येता तिचो वास?"

मी हुंगली. "येतो, तात्या. खोबरेल तेलाचा."

"आनी?"

"पावडरीचा."

"आनी रॉकेलचो?"

सगळ्यात आधी तोच आला होता.

तात्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तिका सांगूकच नाय रे मी," ते म्हणाले. त्यांनी साडी परत घेऊन नाकाशी धरली आणि भट्टीपुढे उभे राहायचे तसे डोळे मिटून उभे राहिले. बायका बाकीच्या साड्या गाठोड्यात बांधून त्या एकीसाठी दारात थांबल्या होत्या. पण तात्या काही "जाव दे" म्हणेनात.