मावशीची पातळी

आमच्या कॉलेजात माणसाची पातळी चाळीस मिनिटांत ठरते. वीस प्रश्न, एक संगणक आणि उत्तर लिहायला एक रिकामी चौकट. बारा उत्तरं बरोबर आली तर तुम्ही थेट पहिल्या वर्षाला. अकरा आली तर मात्र आधी एक वर्ष ‘पायाभूत वर्गा’त बसून सुधारायचं. मी या कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर चार वर्षं बसतोय. ही चाचणी मी कधी दिलेली नाही आणि देणारही नाही. मला नोकरी टिकवायची आहे.

गेल्या वर्षी ती माझ्या मावशीने दिली. मावशी आईची थोरली बहीण, वय बावन्न. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते. तिथे तिला सगळे कैचीबाई म्हणतात. एका वेळी चाळीस थरांचं कापड टेबलावर अंथरून ती अशी कापते की वरचा तुकडा आणि तळचा तुकडा यांत सुताचा फरक पडत नाही. कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकीला मालक पहिले सहा महिने तिच्या टेबलाशी उभं करतो. त्या मुली शिकून दुसरीकडे जातात, तिथे मास्तरीण होतात, आणि मावशी आपली तिथेच, रोज नऊ तास उभी. गुडघे आता जिना चढताना बोलायला लागले आहेत.

आमच्या कॉलेजात शिवणकला विभागाला शिक्षिका हवी असते. अट एकच, दोन वर्षांचं प्रमाणपत्र. आणि हो, नेमणुकीच्या वेळी वय पंचावन्नच्या आत. म्हणजे मावशी सरळ पहिल्या वर्षाला बसली तर चोपन्नाव्या वर्षी शिक्षिका. पायाभूतला गेली तर पंचावन्नाव्या वर्षी हातात प्रमाणपत्र आणि समोर बंद दार. हा हिशोब मीच तिला करून दिला होता. “खुर्ची देतात ना रे शिकवणाऱ्याला?” एवढंच तिने विचारलं.

चाचणीची तयारी करून घेतली आईने. आई शाळेत गणित शिकवते, पंचवीस वर्षं. तिच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नाही, बसलीच तर आधी हात वर करून परवानगी मागते. वास्तविक ही आई शिकली ती मावशीमुळेच. घरात दोघींना शाळेत ठेवणं जमेना तेव्हा थोरली आठवीतून निघाली आणि शिवणाच्या दुकानात बसली. धाकटी पुढे शिकली. या गोष्टीबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोलत नाही. त्याऐवजी आई मावशीवर खेकसते.

“ताई, अपूर्णांक आधी समच्छेद करायचे!”

“अगं मास्तरीण, पावणेदोन नि सव्वा म्हणजे तीन. त्याला छेद कशाला देतेस बिचाऱ्याला?”

तीन आठवडे हे चाललं. शेवटी आईने जाहीर केलं की ताई वीसपैकी अठरा आणणार. आई कुणाला असं सहजी काही म्हणत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

मावशीला आठ मिळाले.

निकाल माझ्याच संगणकावर आला. मी पडदा दोनदा पुसला. आकडा काही बदलला नाही.

नियमाप्रमाणे मावशीला मार्गदर्शन कक्षात पाठवावं लागलं. तिथला सल्लागार नवा, चोवीस-पंचवीसचा, बोलायला अतिशय गोड. अपयशी माणसांशी कसं बोलावं याचं त्याला खास प्रशिक्षण दिलेलं आहे. मावशी कामावरून परस्पर आली होती, गळ्यात मोजपट्टी तशीच.

“काकू, अजिबात खचून जायचं नाही,” तो म्हणाला. “पायाभूतमध्ये फार सुंदर विषय आहेत. ‘संख्यांशी मैत्री’ आहे, ‘मोजमापाची ओळख’ आहे. आणि तुम्ही शिवणाकडे जाणार, तर ‘सुई-दोऱ्याची ओळख’ नक्की घ्या. अगदी मुळापासून शिकवतात.”

“मोजमापात काय शिकवतात?”

“पट्टी कुठून धरायची, शून्य कुठे असतं, वाचायची कशी…”

“किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“लवकर शिकतात हो पोरं,” मावशी म्हणाली आणि विषयांचा तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे न बघता सरळ फाटकाबाहेर पडली. मला त्या सल्लागाराला त्याच्याच गोड बोलण्यासकट खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं.

घरी आईने आकाशपाताळ एक केलं. पंचवीस वर्षांत तिचा एकही विद्यार्थी आठवर थांबला नव्हता. “मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!” वगैरे. जणू बंद झालेलं दार आईचंच होतं. मावशीने ऐकून घेतलं, चहाचे कप विसळले आणि म्हणाली, “राहू दे. उभं राहायची सवय आहे मला.”



दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या उत्तरांची छापील प्रत आणली. उमेदवाराला ती मागता येते. चार वर्षांत कोणी मागितलेली नाही. आईने लाल पेन उघडलं, सवयीने चष्मा पुसला आणि तपासायला बसली. नुसत्या आकड्यांची आठ गणितं होती, आठही बरोबर. उरलेली बारा शाब्दिक, बाराही चूक. आईचं पेन तिसऱ्या फुलीवर थबकलं.

“ताई, सहा पडद्यांचं कापड छत्तीस फूट येतं. तू साडेसदतीस लिहिलंस.”

“मग? दोन्ही कडा दुमडायच्या नाहीत?”

“आणि या खोलीला शंभर फरश्या लागतात. तू एकशे चार लिहिल्यास.”

“बसवताना फुटतात गं तीन-चार.”

“कुंपणाची तार?”

“खांबाला गुंडाळायला नको?”

आई एकेक उत्तर बघत गेली. एकही उत्तर कमी नव्हतं. प्रत्येक थोडं जास्त, आणि जेवढं जास्त तेवढं विचार करून जास्त. बाई चाचणी द्यायला बसली नव्हती, सरळ कामाला लागली होती. आमच्या संगणकाने आयुष्यात कधी पडदा शिवलेला नसल्यामुळे त्याला हे कळायचं कारण नव्हतं.

फेरचाचणी एकदाच मिळते, आठवड्याच्या आत, अर्ज करून. अर्जावर कारणं छापलेली आहेत: आजारपण, घरातील मृत्यू, संगणकातील बिघाड. चौथं कारण असू शकतं हे आमच्या कॉलेजला मान्य नाही. मी ‘संगणकातील बिघाड’वर खूण केली. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

मग चार दिवस आईने उलटी शिकवणी घेतली. मावशीला येत असलेलं विसरायला लावायची.

“ताई, तिथे कापायचं नाहीये. नुसतं सांगायचंय.”

“कापायचं नाही तर विचारतात कशाला?”

“विचारतात! नेमकं तेवढंच लिहायचं. शिलाई नाही, दुमड नाही, फूटतूट नाही.”

“आणि कमी पडलं तर?”

“पडू दे कमी! कुणी घालणार नाहीये ते!”

मावशी मान हलवायची, उत्तर नेमकं सांगायची आणि मग पुटपुटायची, “उसवणार बघ.” चौथ्या दिवशी मात्र ती न पुटपुटता सलग वीस गणितं सोडवून उठली. आई म्हणाली, “हं.” आईच्या भाषेत ही मिरवणूक असते.

फेरचाचणीच्या दिवशी आईने शाळेतून रजा काढली. हेही पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर पाय हलवत बसली होती, तिच्याच वर्गातल्या एखाद्या कच्च्या मुलीसारखी. चाळीस मिनिटं झाली. माझ्या पडद्यावर आकडा आला, एकोणीस. मी काचेतून दोन्ही हातांची बोटं दाखवायला गेलो, ती पुरेनात, शेवटी कागदावर लिहून काचेला लावलं. आईने डोळ्यांना पदर लावला आणि तेवढ्यात मावशी बाहेर आलेली दिसताच तो झटकन काढला.

“एक कुठे घालवलास?” आईचा पहिला प्रश्न. बहिणीचं अभिनंदन वगैरे इतर लोक करतात.

“घालवला नाही. येत होतं मला. बहात्तर.”

“मग?”

“एक्याऐंशी लिहिलं.”

“ताई! घसा कोरडा केला मी चार दिवस! पडदा होता की कुंपण?”

“फ्रॉक होते. दहा वर्षांच्या मुलीचे, शाळेचे, तीन. लांबी चोवीस इंच, तर एकूण किती लांबीचं कापड.” मावशीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “बाकी सगळं लिहिलं गं तू सांगितलंस तसं. तार कमी पडू दे, फरशी कमी पडू दे. पण वाढती पोर ती. नेमकं कापायला हातच होईना. फ्रॉकामागे तीन इंच दुमडीत सोडले.”

 आई माझ्याकडे वळून, मीच विचारल्यासारखी म्हणाली, “मी पाचवी ते आठवी एकाच फ्रॉकवर काढली. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ही एक दुमड उसवायची.”

मावशी म्हणाली, “आठवीत जरा तोकडाच झाला होता.”

“नव्हता,” आई म्हणाली.

मी प्रवेशाचा अर्ज पुढे केला. मावशीने पहिल्या वर्षाच्या रकान्यात सही केली. कॉलेजच्या नोंदीत तो फ्रॉकचा प्रश्न अजून चूकच आहे.